रात्री जेवायला काय? (पाहुण्यांपुढे न येणारे पदार्थ)

उंबरठा
परवा रात्री एक गोष्ट घडली ती डोक्यातून जात नाहीये म्हणून धागा काढतेय. मुलाचा मित्र अचानक रात्री जेवायला थांबला. मी शेंगोळे करायला घेतले होते, म्हणजे आधण उकळत होतं आणि निम्मे वळून ताटलीत तयार पण होते. आणि मी काय केलं तर गॅस बंद केला आणि दोघा पोरांसाठी पिझ्झा मागवला. मित्र गेल्यावर नवरा म्हणाला, अगं वाढायचे की, त्याला काय झालं असतं? मला उत्तरच देता आलं नाही. मग दहा वाजता परत गॅस लावून आम्ही दोघांनी ते खाल्ले. चव नेहमीचीच होती पण घास काही गोड लागला नाही.

माझं माहेर फलटणकडचं. माहीत नसेल त्यांच्यासाठी: हुलग्याचं पीठ, त्यात लसूण-मिरची-जिरं वाटून, हळद, मीठ, थोडं तेल, आणि घट्ट मळायचं. हाताला तेल लावून तळहातावर घासत करंगळीएवढी जाड वळी करायची, दोन्ही टोकं जुळवून कडं करायचं. लसणाच्या फोडणीत पाणी टाकून खळखळ उकळी आली की एकेक सोडायचे. पहिली पाच मिनिटं पळी घालायची नाही, नाहीतर लगदा होतो. शिजतील तसं पाणी आपोआप दाट होतं. वरून कच्चं तेल, शेजारी भाकरी आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. पावसाळ्यात-थंडीत आईकडं आठवड्यातून एकदा ठरलेले.

तर विचारायचं हे आहे की तुमच्या घरी अगदी साध्या, मंगळवार-बुधवारच्या रात्री काय शिजतं? पनीर, बिर्याणी, पुरणपोळी नको. जे पाहुणे आल्यावर आपण मागं सारतो ते सांगा. आणि इतरांना विचित्र वाटेल असं काही तुमच्याकडं खात असतील तर तेही सांगा.

भातपिठलं
आज पिठलं-भात. काल भात-पिठलं. उद्याचं उद्या बघू.

शिवनेरकर
ताई अगदी जिव्हाळ्याचा विषय. जुन्नर-आंबेगावात पण शेंगोळे आहेत पण नुसत्या हुलग्याचे नाही करत आमच्याकडे. हुलग्याच्या पिठात ज्वारीचं नाहीतर गव्हाचं थोडं पीठ लागतंच, नाहीतर वळताना चिरा जातात आणि पाण्यात सुटतात. माझी आई तर म्हणते नुसत्या हुलग्याचे करणारीचा हात तरी सोन्याचा पाहिजे नाहीतर घरातल्यांचे दात तरी.

उंबरठा
शिवनेरकर, आमच्याकडं मिसळ केली तर आजी म्हणायची शेंगोळ्यात भाकरी कशाला घालता? घट्ट मळलं, झाकून पंधरा मिनिटं ठेवलं आणि वळताना तेलाचा हात असला की नाही तुटत.

शिवनेरकर
तुटतात.

कुडाळदेशी
थांबा थांबा, हुलगे म्हणजे आमचे कुळीथच ना? मग तुम्ही घाटावर त्याची कडी वळत बसता तेवढ्या वेळात आमची कुळथाची पिठी होऊन जेवण आटपतं पण 😄

रात्री आमच्याकडे पिठी-भात हे इतकं ठरलेलं की कोणी विचारतच नाही. कुळीथ भाजायचे, भरडून साल पाखडून टाकायची आणि मग पीठ दळून आणायचं. मे महिन्यात आई वर्षाचं पीठ करून ठेवते. लसूण ठेचून फोडणी, हिरवी मिरची, पाणी, दोन-तीन सोलं (आमसुलं), पाण्यात कालवलेली पिठी हळूहळू ओतायची आणि ढवळत राहायचं. वरून ओलं खोबरं असेल तर घाला नसेल तर नको. उकड्या तांदळाचा भात आणि भाजलेला सुका बांगडा. बाहेर पाऊस पडत असेल तर मला ह्याच्यापुढे काहीही नको.

आणि पाहुण्यांचं म्हणाल तर ताईंचं खरं आहे. मुंबईचे पाहुणे आले की आई सुरमई आणायला बाजारात पळते, पिठीचं भांडं ओट्याच्या कोपऱ्यात झाकून ठेवते. एकदा बाबांच्या ऑफिसातले एक काका त्या झाकणाखाली डोकावले आणि सुरमई बाजूला सारून दोन वेळा पिठी मागून घेतली. आई अजून ते सांगते.

खानदेशची लेक
आमच्याकडे संध्याकाळी खिचडी! जळगावात आमच्या गल्लीत सातच्या सुमारास चालत गेलात तर घराघरातून तुरीच्या डाळीच्या खिचडीच्या फोडणीचाच वास. वरून कच्चं शेंगदाणा तेल, भाजलेला उडदाचा पापड, कैरीचं लोणचं. तूप नाही, तेलच. पुण्यात सासरी पहिल्यांदा खिचडीवर कच्चं तेल घेतलं तेव्हा सगळे माझ्या ताटाकडे बघत राहिले होते.

पाहुण्यांना शेवभाजी नाहीतर भरीत. भरताची वांगी आमची वेगळी, हिरवट पांढरी, मोठी, बिया कमी. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालंय. पण गॅसवर भाजून नाही होत ते, कपाशीच्या किंवा तुरीच्या काड्यांचा जाळ पाहिजे. आणि पाहुण्यांना न मिळणारा पदार्थ म्हणजे फुणके आणि कढी. तुरीची डाळ भिजवून भरड वाटायची, मिरची-लसूण-कोथिंबीर घालून मुटके करून वाफवायचे, गरम असताना कुस्करून तेल टाकायचं आणि ताकाच्या कढीबरोबर खायचं. जोडीला कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीबरोबर सालासकट उडीद आणि मीठ दळलेलं. रंग काळपट राखाडी येतो म्हणून मुलं नाक मुरडतात. खाऊन बघितल्यावर नाही मुरडत.

नवशिका_आचारी
फुणके वाफवायला इडलीपात्र चालेल का?

खानदेशची लेक
चालेल, चाळणीला तेल लावून पातेल्यावर ठेवलीत तरी चालेल. डाळ अगदी गंध वाटू नका फक्त.

कोरडवाहू
सगळं वाचतोय. एक वेगळी बाजू मांडतो, रागावू नका.

माझी आजी माण तालुक्यातली. १९७२ च्या दुष्काळात ती पाझर तलावाच्या कामावर होती, माती वाहायला. तेव्हा रेशनवर अमेरिकेतून आलेली मिलो मिळायची, तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरायची आणि गार झाली की चामड्यासारखी. कामावर सुकडी (भाजलेल्या पिठाचा कोरडा गोड खाऊ) मिळायची, ती आई आणि मामा रांगेत उभे राहून आणायचे. आजी नंतर चाळीस वर्षं जगली पण तांबडा दाणा तिनं घरात येऊ दिला नाही. मी एकदा शहरातून नाचणीची बिस्किटं नेली होती तर हातात घेऊन तिनं रंग बघितला आणि परत पुड्यात ठेवलं.

तिच्यासाठी रात्रीचं चांगलं जेवण म्हणजे गव्हाची चपाती आणि साखर घातलेलं दूध. चपाती फक्त सणाला आणि जावई आला तर. त्यामुळं २०२३ ला भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, मॉलमध्ये ज्वारीच्या पिठाची सुबक पाकिटं आली, तेव्हा मला आनंद झाला आणि पोटात कालवलं पण. हुलगे, कण्या, माडगं हे आपण आज हौसेनं खातो. तिनं ते दुसरं काही नव्हतं म्हणून खाल्लंय. पाहुण्यांपुढं न वाढण्यामागं ते पण आहे. घरात दुसरं काही नाही हे उघडं पडायची भीती. उंबरठाताई, तुम्ही परवा गॅस बंद केलात तो तुम्ही नाही केला असं मला वाटतं, तुमच्या आजीनं केला.

उंबरठा
कोरडवाहू, शेवटचं वाक्य वाचून दोन मिनिटं थांबले. आजी खरंच म्हणायची की हुलगा बैलाचं खाणं. बैलांना पेरणीच्या दिवसांत भिजवलेले हुलगे देत असत ना. पाहुण्याला बैलाचं खाणं कसं वाढायचं, असं असणार मनात.

शिवनेरकर
+१. भिडलं.

मालदांडी
कोरडवाहू यांचं पटलं पण निम्मंच. मंगळवेढ्याचा आहे मी. आमच्याकडे शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची भाकरी ही कधीच गरिबीची खूण नव्हती. पांढरीशुभ्र, पापुद्रा सुटलेली, ताटात पडली की वाफ येणारी. मोठ्या वाड्यात पण तीच आणि गड्यांच्या वस्तीवर पण तीच, फरक असला तर भाकरीवर लोणी किती ह्यात. मालदांडी वाण आमच्या काळ्या जमिनीतलाच, पाऊस गेल्यावर नुसत्या ओलीवर येतो. २०१६ ला मंगळवेढ्याच्या ज्वारीला मानांकन मिळालं तेव्हा वडिलांनी पेपरातलं कात्रण देवघरात ठेवलं होतं.

भाकरी मागं पडली ती संकरित ज्वारीनं आणि रेशननं. संकरित दाणा पिकतो भरपूर पण पावसात सापडला की काळा पडतो, भाकरीला चव नाही. आणि अन्नसुरक्षा कायद्यात गहू २ रुपये किलो, तांदूळ ३ रुपये, २०२३ पासून तर फुकटच. भरडधान्य १ रुपयानं कायद्यात होतं पण आमच्या दुकानात वर्षानुवर्षं गहू-तांदूळच बघितला. मग रात्री चूल पेटवून भाकरी कोण थापणार? चपात्या सकाळीच करून डब्यात ठेवता येतात, भाकरी तव्यावरून ताटात पाहिजे. आई म्हणते भाकरी करणारी बाई सगळ्यात शेवटी जेवते. हे खरं कारण आहे, चवीचा प्रश्न नाही.

उंबरठा
ते शेवटी जेवण्याचं अगदी खरं. आम्ही आता चुलीजवळ म्हणजे ओट्याशी स्टूल टाकून आळीपाळीनं जेवतो. नवरा थापायला शिकलाय. पहिल्या महिन्यात भारताचा नकाशा यायचा, आता गोल येते.

भातपिठलं
आज भाकरी-पिठलं. धाग्याचा परिणाम.

वसईची_वाट
विचित्र पदार्थांचं पण विचारलंय ना, मग शेवळं! मेच्या शेवटी-जूनच्या सुरुवातीला वळवाचा पाऊस झाला की जंगलात जमिनीतून लांब कोंब वर येतात, तपकिरी-जांभळट. वसई, पनवेल, बदलापूर, ठाण्याच्या बाजारात आदिवासी बायका जुड्या घेऊन बसतात, आणि जुडीसोबत हिरवी काकडं असतात छोटी गोल फळं, ती घेतल्याशिवाय येऊ नका. शेवळं खाजरी, काकडाच्या रसानं खाज मरते. आत पिवळा दांडा असतो तो काढून टाकायचा, तो सगळ्यात खाजरा. बारीक चिरून भरपूर तेलात परतायची, काकडांचा रस घालायचा, मग चणाडाळ किंवा वाल किंवा सोडे (सुकी कोळंबी) नाहीतर खिमा. आमच्या घरी सोडे घालून. चव सांगता येत नाही, थोडी मटणाकडे झुकते.

लग्नानंतर पहिल्या वर्षी मी काकडं विसरले होते. सासरे, नवरा, दीर तिघंही घसा धरून बसले आणि सासूबाई मात्र एकट्या शांतपणे वरणभात जेवत होत्या कारण त्यांनी भाजी चिरताना माझ्याकडे बघितलं होतं 😂 नंतर त्यांनीच सगळ्यांना गूळ दिला आणि मला दुसऱ्या दिवशी बाजारात नेऊन काकडं ओळखायला शिकवलं.

नवशिका_आचारी
बघितलं होतं तर बोलल्या का नाहीत??

वसईची_वाट
मी पण विचारलं. म्हणाल्या, सांगितलं असतं तर पुढच्या वर्षी परत विसरली असतीस.

रसायन_भांडार
खाजेचं कारण सांगतो, शिकवतो हेच मी. शेवळं, सुरण, अळू ही सगळी एकाच कुळातली भावंडं. ह्यांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते जिभेला-घशाला टोचतात. म्हणून चिंच, आमसूल, काकडं असं काहीतरी आंबट आणि पुरेसं शिजवणं दोन्ही हवं. अळूच्या फतफत्यात चिंच घालतात ती नुसती चवीला नाही. अर्धवट शिजलेल्या अळूला चिंच पण वाचवत नाही बरं का.

कुडाळदेशी
अळू कुठलं आहे त्यावर पण आहे. आमच्या परसातलं खाजत नाही, वहिनीच्या माहेरचं खाजतं, ह्यावर घरात दरवर्षी चर्चा होते.

झाडीपट्टी
आता माझी पाळी. गडचिरोलीचा हो मी, नोकरीनं पुण्यात.

आमच्याइकडे पावसाळा म्हणजे सात्या. तुम्ही अळंबी म्हणता ते. उधईच्या वारुळावर निघतात, एका रात्रीतून. बिना मसाल्याच्या, नुसत्या तेल-तिखट-मिठात केल्या तरी कोंबडीचं कालवण मागं पडते. पण कोणती घ्यायची ते गावातल्या म्हाताऱ्या माणसालाच विचारा, फोटो पाहून जंगलातली छत्री उचलू नका, जीव जातो. मंग वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. किसून रात्रभर पाण्यात ठेवायचे, पाणी फेकायचं, उकळायचे, पुन्हा पाणी फेकायचं, तवा कुठं कडूपणा जाते. उन्हाळ्यात मोहफुलं वाळवून ठेवतात, ते उकडून, तीळ कुटून त्यात मिसळून खायाचे.

आणि आता ज्याच्यासाठी हा धागा उघडला असं वाटते: लाल मुंग्यांची चटणी. भामरागडकडे माडिया लोक करतात, बस्तरात पण हाय, तिथं चापडा म्हणतात. ह्या मुंग्या झाडावर पानं एकमेकाला शिवून घरटं करतात. ते घरटं उतरवून मुंग्या आणि त्यांची पांढरी अंडी मिरची, लसूण, मिठासंगं पाट्यावर वाटायची. आंबट, लिंबासारखी झणझणीत. मी लहानपणी मित्राच्या घरी भातासंगं खाल्ली, त्याची आजी म्हणे सर्दी पळते. आमच्या घरी नव्हती चालत, मी घरी सांगितलं नाही पण तोंडाच्या वासानं आईनं ओळखलं.

गोडघाशी
अरे देवा. जेवताना वाचलं. मुंग्या?? हे जरा जास्तच होतंय. ह्याला अन्न कसं म्हणायचं?

झाडीपट्टी
गोडघाशीभाऊ, तुमच्यावर राग नाही. पण कोळंबी सोलताना तिचे पाय मोजले काय कधी? मध मधमाशीच्या पोटातूनच येते ना? माझा तो मित्र आश्रमशाळेत शिकाला गेला तवा पोरं त्याला मुंग्याखाऊ म्हणत. त्यानं मंग डब्यात कधी घरचं आणलं नाही. शहरातल्या हॉटेलात तीच चटणी काचेच्या ताटलीत दिली असती तर पैसे देऊन खाल्ली असती लोकांनी. ओडिशातल्या मयूरभंजच्या अशाच चटणीला, सिमिलिपाल काई चटणी म्हणतात तिला, २०२४ च्या जानेवारीत भौगोलिक मानांकन मिळालं. माझ्या मित्राला मी ती बातमी पाठवली तर त्यानं फक्त मुंगीचं चित्र पाठवलं उत्तरात.

रसायन_भांडार
तो आंबटपणा फॉर्मिक आम्लाचा. मुंगी चावल्यावर आग होते तेच.

गोडघाशी
झाडीपट्टी, शब्द चुकला माझा. मी खाणार नाही हे एवढंच म्हणायला हवं होतं, अन्न आहे की नाही हे मी ठरवायला नको होतं. तुमच्या मित्राला सॉरी सांगा.

झाडीपट्टी
सांगतो जी. 🙏

मुठाकाठ
विषय निघालाच आहे तर, वजडी-रक्ती-मुंडी (बोकडाची आतडी, रक्त, डोकं) कोणी खातं का? आमच्याकडे जत्रेच्या दुसऱ्या दिवशी रात्री हेच. मटण पाहुण्यांना पहिल्या दिवशी, घरच्यांना दुसऱ्या दिवशी वजडी. वजडी साफ करायला आत्या गरम पाणी आणि चुना घेऊन तासभर मागच्या अंगणात बसायची. आणि खरं सांगू, आम्ही पोरं पहिल्या दिवशी मुद्दाम कमी जेवायचो.

आगरी_पोर
मुठाकाठ १००% सहमत. आणि थंडीत अलिबागला या, पोपटी लावू. मडक्याच्या तळाशी आणि कडेनं भांबुर्डीचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मध्ये मसाला लावलेली कोंबडी आणि अंडी, वरून परत पाला कोंबून मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ. पाणी एक थेंब नाही. शेतात रात्री दहाला जेवण, भांडी घासायला नाहीत, कागदावर ओतायचं नि सगळ्यांनी भोवती बसायचं.

वर्धाकाठची
गोळाभात कोणी लिहिला नाही अजून! विदर्भातला आहे तरी झाडीपट्टीभाऊ विसरले. भरड डाळीच्या पिठात तिखट-मीठ-हळद-ओवा-तेल घालून घट्ट गोळे करायचे आणि अर्धवट शिजलेल्या भातावर ठेवून झाकण. भाताच्या वाफेवर गोळा शिजतो. ताटात घेऊन गोळा भातात कुस्करायचा आणि वरून मोहरी-हिंग-लाल मिरचीची कडकडीत तेलाची फोडणी, चुर्रर्र. सोबत चिंचेचं सार. एकाच पातेल्यात सगळं, म्हणून आई शाळेतून दमून आली की हेच. ती शिक्षिका होती. मला तर पाहुण्यांना वाढायला लाज वगैरे कधी वाटली नाही, फक्त तेल बघून पाहुणे घाबरतात.

नवशिका_आचारी
मी एकटा राहतो, बंगळुरात. रात्री नऊला घरी येऊन मऊभात-मेतकूट-तूप. आई दर तीन महिन्यांनी मेतकुटाची बरणी पाठवते. एवढंच येत होतं. ह्या धाग्यातून चार गोष्टी लिहून घेतल्यात, काल कुळथाची पिठी केली, गुठळ्या झाल्या.

कुडाळदेशी
पीठ थंड पाण्यात आधी कालवा, मग उकळीत सोडा. कोरडं टाकलंत ना?

नवशिका_आचारी
हो 😐

टेक्सासवाडी
अमेरिकेतून वाचतेय. इथे हुलगे शोधत होते तर देशी दुकानात "कोल्लू" नावानं दाक्षिणात्य डाळींच्या रांगेत सापडले, दोन वर्षं त्याच दुकानात जात होते आणि समोर असून ओळखले नव्हते.

दुसरं म्हणजे भाज्या. पहिल्या उन्हाळ्यात फुटपाथच्या फटीत घोळ उगवलेली दिसली, जाडसर पानं, लालसर देठ. मी खाली बसून बघत होते तर शेजारच्या बाई म्हणाल्या ते तण आहे, उपटून टाक. रस्त्यावरची नाही खाल्ली अर्थात, पण मेक्सिकन दुकानात तीच भाजी "वेर्दोलागास" म्हणून जुड्या बांधून मिळते. तिथल्या काउंटरवरच्या बाईंना मी खुणांनी विचारलं कशी करता, त्या डुकराच्या मटणात आणि हिरव्या आंबट टोमॅटोच्या रश्श्यात घालतात, मी डाळ-लसूण घालून. आता एकमेकींना डबे देऊन झालेत, त्यांनी मटण वगळून केला माझ्यासाठी. चाकवत पण असाच, इथे बागेतलं तण. माझ्या परसात आपोआप आला, मी ताकातली पातळ भाजी केली, शेंगदाणे-चणाडाळ घालून, मुलगी म्हणाली आई तू लॉन शिजवलंस.

आता ह्या वीकेंडला शेंगोळे करणार. पण पीठ मिळत नाही, कोल्लू भाजून मिक्सरवर दळावे लागतील. उंबरठाताई, नुसत्या हुलग्याचे की मिसळ? तुमचं आणि शिवनेरकरांचं ठरलं का?

शिवनेरकर
ठरलेलंच आहे. मिसळ.

उंबरठा
नुसत्याचे. करून बघ गं, काही होत नाही.

कोरडवाहू
टेक्सासवाडी, घोळीवरून आठवलं. आजी घोळीची भाजी मात्र शेवटपर्यंत आवडीनं खायची. ती पण दुष्काळातलीच. पण ती म्हणायची, घोळ सरकारनं नाही दिली, ती माझी मी तोडून आणली.

उंबरठा
बरेच दिवसांनी येतेय. सांगायचं राहिलं होतं, मुलाचा तोच मित्र शनिवारी परत आला, अभ्यासाला. ह्या वेळी मी ठरवून शेंगोळे केले. पिझ्झा नाही मागवला, पण धाकधूक म्हणून थोडा भात आणि वरण पण लावलं होतं.

तो स्वयंपाकघरात पाणी प्यायला आला आणि मी वळत होते ते बघत उभा राहिला. म्हणाला काकू मी करू? हात धुवायला लावले, तेल लावून दिलं. पहिले दोन तुटले. मग लांबच लांब साप केला, मग माझ्या मुलाच्या नावाचं पहिलं अक्षर, मग दोघांची चढाओढ लागली. तीसेक तरी वळले त्यांनी. जेवायला बसल्यावर त्यानं स्वतः केलेला साप शोधून घेतला, अर्धा खाल्ला, बाकीचे ठेवले. रस्सा मात्र दोन वाट्या प्यायला, भातावर पण घेतला. मी विचारलं आवडले नाहीत का, तर म्हणाला काकू गोळे थोडे जड आहेत पण सूप भारी आहे. एवढं स्पष्ट कोणी मला सांगितलं नव्हतं आजवर! 😄 जाताना त्यानं उरलेल्या शेंगोळ्यांचा फोटो काढून आईला पाठवला. रात्री तिचा फोन, मला वाटलं पोटबिट बिघडलं, तर म्हणाली ताई, माझ्या सासूबाई बार्शीच्या, त्या करायच्या, मला रीत द्याल का.

वर्धाकाठची
वा वा! दिवस सार्थकी.

भातपिठलं
आज शेंगोळे. खरंच. हुलग्याचं पीठ गिरणीवाल्याकडेच मिळालं.

टेक्सासवाडी
माझाही अहवाल. कोल्लू भाजून, मिक्सरवर दळून, दोनदा चाळलं. पहिली खेप नुसत्या हुलग्याची, उंबरठाताईंच्या पद्धतीनं, झाकून ठेवून, तेलाचा हात लावून. सगळे फुटले, झणझणीत पिठलं झालं, तेच भाताबरोबर खाल्लं, चांगलं होतं. दुसऱ्या खेपेला ज्वारीचं पीठ घातलं, एकसंध राहिले. शिवनेरकर जिंकले, सॉरी ताई.

शिवनेरकर
आईला वाचून दाखवतो 🙏🙏

उंबरठा
मिक्सरचं पीठ भरड राहतं गं, म्हणून फुटले असतील. गिरणीच्या पिठाचे नाही फुटत. ज्वारी घालायचीच असेल तर वाटीभर हुलग्याला दोन चमचे, त्याच्यावर नको.